माया

शोरूमला जाताना टेप गळ्यातच राहिला.
रजनी म्हणाली, काढा, लोक बघतील.
बघू देत. चाळीस वर्षं दांडिया बाजारात
मी माणसाच्या तोंडाआधी त्याचा खांदा बघतो,
गाडी काय वेगळी?

गल्लीचं माप आदल्या पहाटेच घेतलं होतं,
दूधवाला यायच्या आत:
भिंत ते भिंत शहाण्णव इंच.
त्यातून गुप्त्यांचा ओटा वजा, अकरा.
जयेशभाईंची स्कूटर मी वजा केली नाही,
ती हलते, फक्त जयेशभाई हलत नाहीत.
उरले पंच्याऐंशी.
खडूनं कटिंगच्या टेबलावर लिहिलं,
तसं लक्षात राहतं.

ध्रुमिल नावाचा पोरगा, टाय आखूड बांधलेला,
म्हणाला, अंकल, फॅमिलीमां केटला जण?
तन्मय म्हणाला, सात.
मी म्हणालो, चार.
दोघांचंही खरं होतं.
डभोईची बहीण वर्षातून दोनदा येते
आणि तिच्याबरोबर तिचे गुडघे येतात,
ते तिसऱ्या रांगेत वळत नाहीत.

मोठी गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू.
काळी, कांजी केलेल्या कॉलरसारखी ताठ.
छाती शहात्तर.
मी टेप लावला तेव्हा मॅनेजर हसला,
आकडा सांगितला तेव्हा थांबला.
दोन्हीकडे साडेचार इंच उरतात, म्हटलं,
तेही आरसे मिटून, श्वास आत ओढून.
असा कोट मी कुणाला शिवून देत नाही.

सगळ्यात छोटीतून रजनी दाराला धरून उठली.
मोठीत चढताना तिनं माझं मनगट धरलं.
मधलीत ती नुसती बसली,
भांडण झाल्यावर खुर्चीत बसते तशी, एकदम.
हे माप टेपवर नसतं.

खालची उंची मी गुडघे टेकून घेतली.
आठ इंच, वर एक दोरा.
विश्वामित्री चढली की आमच्या चौकात
पँट कुठपर्यंत दुमडायची ते मला पाठ आहे.
पोरगा सांगू लागला, अंकल, पाण्यातसुद्धा...
म्हटलं, बेटा, पाण्यात मगरही असते.
तू हे सांग, मागे शेरवान्या टांगायला दांडी बसेल का?
जरदोसीला घडी चालत नाही,
लग्नसराईत आणंदला बावीस नग जातात.
त्याच्या पुस्तिकेत हे नव्हतं.
उघडणारं छत होतं, त्याचे पैसे वेगळे.
मे महिन्यात बडोद्यात डोक्यावर काच!
रजनी म्हणाली, उत्तरायणला पतंग दिसतील.
आणि गप्प झाली. ती असंच मागते.

तेवढ्यात मागच्या दारापाशी हेतल,
आमची सून, हळू आवाजात, गुजरातीत
त्या पोराला विचारत होती,
लहान मुलाची सीट अडकवायचा हूक कुठे असतो.
त्यानं गादीच्या फटीत बोट घालून दाखवला.
मग तिनंही बोट घातलं,
आणि जरा वेळ तसंच ठेवलं.

मागच्या महिन्यात तिनं दोन कुर्ते सैल करायला टाकले होते.
मी उसवले, शिवले, इस्त्री करून दिले.
आणि जन्मभर मापं घेतली म्हणून मिरवतो!
टेप हातातून सुटला,
शोरूमच्या चकचकीत फरशीवर पिवळं वेटोळं.
पोरानं उचलून दिला, दोन्ही हातांनी.

मधली घेतली. एक्काहत्तर.
दोन्हीकडे सात-सात इंच माया.
आमच्या धंद्यात ती शिलाईच्या आत सोडतात,
अंगावर घातल्यावर दिसत नाही,
अंग भरलं की उसवून वापरायची.
तन्मयला अजून वाटतं,
म्हातारा मोठ्या गाडीला घाबरला.

रंग ठरायचा आहे. छताचे पैसे भरलेत.
जयेशभाईंशी मात्र
एकदा बोलावं लागेल.